डाव्या सीटला सलाम

व्हर्ना टॉलेफसनची जीप सकाळी सुरू व्हायची ती स्वतःच्या अटींवर. आधी चोक पूर्ण ओढायचा, मग अ‍ॅक्सिलरेटर दोन-तीनदा दाबायचा, मग किल्ली फिरवायची आणि इंजिन खोकलं रे खोकलं की चोक अर्धा आत ढकलायचा. जरा उशीर झाला की जीप रुसायची, मग पेट्रोलचा वास घेत बसून राहायचं. मोंटानाच्या उत्तर टोकाला जानेवारीत पारा उणे तिसाच्या खाली उतरतो. इंजिन गारठू नये म्हणून रात्रभर त्याला विजेची वायर लावून ठेवावी लागायची. पण शेजाऱ्यांच्या नव्याकोऱ्या गाड्या मान टाकायच्या तेव्हाही हे जुनं धूड धडधडत अंगणाबाहेर पडायचं. याचा व्हर्नाला फार अभिमान होता आणि तो ती कोणाला दाखवत नसे.

बाकी सुखाच्या नावाने शंख होता. हीटर होता, पण तो फक्त एका पायाचा अंगठा भाजायचा. छप्पर कॅनव्हासचं, वाऱ्याने ते असं फडफडायचं की डोकं उठावं. खालच्या पत्र्याला पडलेल्या भोकावर जुनी नंबरप्लेट ठोकलेली होती, तिच्या फटीतून बर्फाचा चुरा आत उडायचा. स्टीयरिंग चार बोटं फिरवलं तरी चाकांना पत्ता नसायचा. घरी येईपर्यंत कंबरेचे तीन तेरा झालेले असायचे. तरीही वाऱ्याने रस्त्यावर बर्फाचा बांध घातलेला असला आणि व्हर्नाने पुढच्या चाकांनाही जोर देणारा दांडा ओढला की जीप गुरगुरत त्यावर चढायची. तेवढा वेळ व्हर्नाला कोणाचाही राग येत नसे. दिवसातला तेवढाच वेळ.

त्या मुलखात गाडीचं स्टीयरिंग डावीकडे असतं. ही जीप टपाल वाटण्यासाठी बनवलेली, म्हणून तिचं उजवीकडे होतं. रस्त्याच्या उजव्या कडेला खांबांवर टपालपेट्या असतात, त्यांत बसल्या जागेवरून हात घालता यायला हवा. डाव्या सीटवर टपालाचा ट्रे असायचा.

आणि तिथे एक रीत होती. समोरून गाडी आली की स्टीयरिंगवरचं एक बोट उचलायचं, ओळख असो वा नसो. न उचलणारा माणूस एक तर शहरातला, नाही तर मनात काही धरून बसलेला. रस्त्यावरचा बर्फ ढकलणारी सरकारी गाडी चालवणारा लेलंड या बाबतीत फारच काटेकोर. तो बोट उचलायचा आणि समोरून उत्तर मिळालं की मान हलवायचा. नाही मिळालं तर मान जागच्या जागी, आणि नंतर कॅफेत सगळ्यांदेखत चौकशी, “काय, आमचं काही चुकलं का?”

गंमत अशी, की जन्माच्या सवयीने सगळे बोट उचलायचे ते जीपच्या डाव्या सीटकडे बघून. टपालाच्या ट्रेला सलाम ठोकायचे आणि पुढे जायचे. व्हर्नाचा नवरा रॉइस बरीच वर्षं हे टपाल वाटत होता. तो हसून म्हणायचा, “गावात माझ्यापेक्षा त्या ट्रेची वट जास्त.”

हा रॉइस दोन हिवाळ्यांपूर्वी जीपचा क्लच आणतो म्हणून पिकअप घेऊन ग्रेट फॉल्स शहरात गेला आणि परत आलाच नाही. त्याच संध्याकाळी हिमवादळ आलं होतं. पिकअप सापडली नाही, माणूस सापडला नाही. अर्धं गाव म्हणालं, नदीत गेला असणार. उरलेलं अर्धं काहीच म्हणालं नाही, आणि ते काहीच न म्हणणं व्हर्नाला जास्त झोंबलं. मेला असता तर तिने रडून घेतलं असतं. पळून गेला असता तर शिव्या घालून मोकळी झाली असती. आता दोन्ही अर्धं अर्धं करावं लागत होतं, आणि धड काहीच होत नव्हतं. क्लच तिने स्वतः बसवून घेतला आणि टपालाचं काम हाती घेतलं. रोज त्याच्या जीपमध्ये, त्याच्या सीटवर, त्याच रस्त्याने जाताना तिच्या मनात एकच प्रश्न असायचा. मेलास, की सोडून गेलास?

जानेवारीत डावी काच पांढरी व्हायला लागली.

थंडीत श्वासाची वाफ काचेवर आतून गोठते, त्यात नवल नाही. व्हर्ना आपल्या बाजूची काच रोजच खरवडायची. पण डावी काच नेहमी स्वच्छ असायची, कारण ट्रे श्वास घेत नाही. आता तिथेही बर्फाचा पापुद्रा धरायला लागला, तिच्या काचेवर होता तेवढाच जाड. तिने छपराची फट शोधली, शिवली, वर चिकटपट्टी मारली. दुसऱ्या दिवशी काच पुन्हा पांढरी. तिने ती मुकाट्याने खरवडली. खरवडताना हाताला ती बाजू जरा उबदार लागली, पण हातमोज्यातून काय कळतं, असं तिने स्वतःला समजावलं.

त्याच आठवड्यात पुलाजवळ समोरून लेलंड आला. चाकं बर्फातल्या चाकोरीत अडकलेली, व्हर्नाचे दोन्ही हात स्टीयरिंगवर आवळलेले. तिला बोट उचलता आलं नाही. लेलंडने नेहमीप्रमाणे डाव्या सीटकडे बघून बोट उचललं, आणि मान हलवली.

आता कॅफेत बोलणी खावी लागणार, असं ती धरून चालली होती. लेलंड चकार शब्द बोलला नाही.

तिच्या वाटेवरचं शेवटचं घर ऑर्व्हल ह्यूगेनचं. म्हातारा टपालपेटीपाशी उभा राहून तिची वाट बघायचा. एका दुपारी त्याने वर्तमानपत्र काखेत मारलं, घसा साफ केला आणि कुंपणाकडे बघत म्हणाला, “त्याला म्हणावं, हातमोजे घालत जा. असल्या थंडीत उघडं बोट वर करतो. गळून पडेल एखाद्या दिवशी.”

“कोणाला म्हणू?”

ऑर्व्हलचे कान लाल झाले. “अगं, जाऊ दे. मी आपलं सहज म्हटलं. तुझं तू बघ बाई.” आणि वळून घराकडे चालायला लागला.

तिथे दुसरा प्रश्न विचारत नाहीत. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसण्यापेक्षा तिथली माणसं थंडीत मरणं पत्करतील. व्हर्नाही तिथलीच. तिने विचारलं नाही.

विचारायची गरजही वाटली नाही. रॉइसने उभ्या आयुष्यात गाडी चालवताना हातमोजे घातले नव्हते. “स्टीयरिंग काय म्हणतं ते हाताला कळलं पाहिजे,” असं तो म्हणायचा.

पुढच्या वळणावर तिने जीप थांबवली आणि स्टीयरिंगवर डोकं टेकून रडली. दोन हिवाळे अडून बसलेलं रडू होतं ते. त्यात दुःख होतं, पण खरं सांगायचं तर सुटकाच जास्त होती. मेला होता. म्हणजे सोडून गेला नव्हता. उगाच त्याला इतके दिवस मनातल्या मनात झोडपलं.

दुसऱ्या दिवशी तिने ट्रे मागे हलवला आणि डाव्या सीटवर घोंगडी अंथरली. मग ती बोलायला लागली. कोणाची गाय व्यायली, कोणी शेत विकून अ‍ॅरिझोनाचा रस्ता धरला, पोस्टमास्तरीण लोरीनने पोस्टात कसलं भयंकर कार्पेट घातलंय. डावीकडे ती थेट बघायची नाही, बघितलं की सीट रिकामी दिसायची. पण खड्डा आला की तिच्या सीटच्या स्प्रिंगा करकरायच्या, आणि त्यानंतर जरा वेळाने डावीकडच्या. दोन हिवाळे एकटीने धक्के खाणारी व्हर्ना त्या दुसऱ्या करकरीची वाट बघायला लागली. समोरून येणाऱ्यांनी डावीकडे बोट उचललं की तिला आता बरं वाटायचं.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी, उजेड असतानाच, ती अंगणात पोचली. इंजिन बंद केलं आणि एकदम तिच्या मनात आलं, हा रात्रभर इथे या थंडीत बसून राहतो. ती वळसा घालून गेली आणि तिने डावं दार उघडलं.

“चल,” ती म्हणाली. “आत चल. तुझी खुर्ची आहे तिथेच आहे. किती दिवस बाहेर बसणार?”

स्वयंपाकघराचं अंगणाकडचं दार तिने मुद्दाम उघडं ठेवलं. कॉफी केली, दोन मग भरले, एक खिडकीजवळच्या खुर्चीसमोर ठेवला. ती बसणार इतक्यात फोन वाजला.

“व्हर्ना? मी बोलतोय.”

तिने आवाज ओळखला. “कुठून?”

“बॉइझीहून. हे बघ, रडारड नकोय मला. जे झालं ते झालं. मी इथे बरा आहे, एकटा नाहीये. एवढंच विचारायचं होतं, जीप चालते का अजून?”

“चालते.”

“विकू नकोस. उन्हाळ्यात येऊन घेऊन जाईन म्हणतो. असल्या जुन्या गाड्यांसाठी इकडे लोक वेडे झालेत.”

“रॉइस, तू कधी परत आला होतास का रे इकडे?”

“मी? मी कशाला येतोय? बरी आहेस ना तू?”

तिच्या बरेपणाची त्याने केलेली ती पहिली आणि शेवटची चौकशी. तिने फोन ठेवला. अंगाची नुसती आग झाली होती. दोन हिवाळे. घोंगडी. कार्पेटच्या गप्पा. त्या माणसासाठी ती रडली होती, आणि त्याला आठवण आली ती गाडीची. रागाच्या भरात तिने आपला मग मोरीत ओतला, दिवा मालवला आणि तडक जाऊन अंथरुणात शिरली.

उघडं ठेवलेलं दार बंद झालेलं होतं, हे तिला सकाळी जीपच्या बॉनेटला हात लावताना आठवलं. तिने ते लावलं नव्हतं.

चोक ओढला. जीप पहिल्याच खेपेला सुरू झाली.

डावी काच स्वच्छ होती. तिच्यातून पलीकडचं कुंपण लख्ख दिसत होतं.

पुलाजवळ लेलंड भेटला. त्याने डाव्या सीटकडे पाहिलं, जरा घुटमळला, मग नजर हलवून थेट व्हर्नाकडे बघून बोट उचललं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. तिनेही उचललं. त्याने मान हलवली.

खड्डे आले, तिच्या सीटच्या स्प्रिंगा करकरल्या. मागाहून दुसरी करकर आली नाही.

ऑर्व्हल टपालपेटीपाशी उभा होता. जीपमध्ये डोकावून म्हणाला, “आज एकटीच?”

व्हर्नाने इंजिन बंद केलं. एरवी वाटेत ती ते कधी बंद करत नसे. “ऑर्व्हल, तू माझ्याशेजारी रॉइसला बघत होतास ना?”

“रॉइस?” म्हाताऱ्याने टोपी मागे सारली. “अगं, वीस वर्षं त्याच्याबरोबर कुंपणं ठोकली मी. रॉइसला ओळखणार नाही होय? रॉइस कुठला. हा दुसराच.”

“मग बोलला का नाहीस?”

“काय बोलणार? आम्हाला वाटलं, तुझा नवा कोणी. मी बायकोला म्हटलंसुद्धा, बरं झालं, पोरीला सोबत मिळाली. लेलंडही तेच म्हणाला. उगाच कशाला चौकशा करा?”

“दिसायला कसा आहे?”

ऑर्व्हलने विचार केला. आठवताना त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू ओसरलं.

“टोपी खाली ओढलेली असते. तोंड नीट कधी दिसलंच नाही बघ. म्हणजे, तो आमच्याकडे बघत नाही ना. बोट उचलतो, पण बघत असतो तुझ्याकडे. सारखा तुझ्याकडेच.” तो जीपच्या आणखी जवळ आला. “कोण आहे तो, व्हर्ना?”

त्याने दुसरा प्रश्न विचारला होता. व्हर्नाने इंजिन सुरू केलं.

परतीच्या वाटेवर जीप कधी नव्हे ती मऊ चालली. हीटरने दोन्ही पाय गरम केले. वारा पडला होता, छप्परही गप्प होतं.

घराजवळच्या वळणावर तिने वेग कमी केला. अंगणाच्या तोंडाशी जीप उभी केली. इंजिन बंद केलं नाही.

ऊन अजून होतं. घराच्या सगळ्या खिडक्या त्यात चमकत होत्या, एक सोडून. स्वयंपाकघरातल्या खुर्चीजवळची काच आतून पांढरीफटक झाली होती. मध्ये तळहाताएवढी जागा पुसलेली होती.

मागून बर्फाची गाडी आली. लेलंड दिवसाचं काम उरकून गावाकडे निघाला होता. जीपशेजारून जाताना त्याने व्हर्नाकडे बघून बोट उचललं. तिला हात हलवता आला नाही. त्याची मान जागच्या जागी राहिली.

मग त्याचं लक्ष तिच्या घराकडे गेलं. त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघून पुन्हा बोट उचललं.

आणि मान हलवली.