अभिमनच्या कार्डावर घेतलेला खंड

बसा डॉक्टर. तुमच्या रोग्यासाठी हवा असलेला लेख विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. वैद्यकीय मासिकाचा एकाहत्तर सालचा बांधीव खंड, मागचं कपाट. पान नंबरही मला पाठ आहे. पण आधी ऐका, मग जा.

चौऱ्याण्णवचा मे. माझा धाकटा भाऊ अभिमन धुळ्याच्या दवाखान्यात तापाने फणफणत होता. एक औषध लागू पडेना. तिथले डॉक्टर म्हणाले, असाच ताप पूर्वी चोपडा तालुक्यात येऊन गेलाय, त्यावर एक लेख आहे, तो मिळाला तर इलाज सापडेल. अभिमन विद्यापीठातच शिकत होता. त्याने उशीखालून ग्रंथालयाचं कार्ड काढून दिलं. "अक्का, लवकर ये," एवढंच म्हणाला.

जळगावला विद्यापीठात पोचले तर वीज गेलेली. वाचनकक्षात एकच माणूस, कोपऱ्यात, मान खाली. त्या उकाड्यात त्याच्या अंगावर घामाचा टिपूस नव्हता. भिजून वाळलेल्या कागदाचा कुबट वास येत होता. मला काय त्याचं, मला घाई.

झुलालनाना शिपाई खंड घेऊन आले. धुळ्याच्या कुठल्याशा जुन्या कॉलेजातून आलेला. आत शेवटच्या वाचकाची पिवळी चिठ्ठी तशीच होती. नाव झिपरू तोताराम, साल बहात्तर. त्यानंतर तो खंड कोणी मागितलाच नव्हता.

"नवी चिठ्ठी लिहा, मग जुनी फाडतो," नाना म्हणाले.

"नाव माझं लिहू?"

"ज्याचं कार्ड, त्याचं नाव."

मी लिहिलं. अभिमनचं नाव, वेळ तीन वीस. नानांनी जुनी चिठ्ठी फाडली, तशी मागे खुर्ची सरकली. तो माणूस माझ्या शेजारून निघून गेला. पावलं वाजली नाहीत.

"नाना... कोण ते?"

नानांनी मान वर केली नाही. "सुटना बिचारा," अहिराणीत म्हणाले. म्हणजे सुटला.

वीज नाही म्हणून झेरॉक्स बंद. हाताने उतरवून घेतलं आणि दिवेलागणीला धुळं गाठलं. खाटेवरची गादी गुंडाळून ठेवली होती. नर्सबाई म्हणाल्या, तीन वीसला गेला. औषधाचं नाव माझ्या मुठीत होतं. तो कागद मी त्याच्या चितेत टाकला, ते इंग्रजी नाव आता आठवतही नाही.

तेराव्यानंतर कार्ड परत करायला गेले. कोपऱ्यात अभिमन बसला होता, मान खाली, पुढ्यात तो खंड. मी जवळ गेले. त्याने विचारलं, "अक्का... दुसरं कोणी आलं का?"

कार्ड तसंच घेऊन मी पळाले. पाच वर्षं झाली. धुळ्याच्या डॉक्टरांकडून कळून कोणी लेखाचं विचारायला आलं की मी सांगते, तो खंड हरवला. दुसऱ्याच्या लेकराला कशी बसवू तिथे? आणि माझा भाऊ तिथे बसलाय, हे तरी कसं सोसू? झोप नाही मला.

तुम्हालाही तेच सांगितलं असतं. पण सकाळी कार्डाच्या पाकिटात ही कोरी करकरीत चिठ्ठी निघाली. वेळेची जागा रिकामी आहे. नाव लिहिलंय, अक्षर अभिमनचंच.

वाचा... तुम्ही दारात येऊन नाव सांगितलंत, तोवर मी तुम्हाला ओळखतही नव्हते.