वळणापलीकडची हाक

दुकानाच्या पायरीसमोर दुर्बिणीची तिवई रोवून एक माणूस एक डोळा मिटून उभा होता. गिऱ्हाइकाला आत यायला वाट नव्हती. काच पुसायचा फडका तसाच हातात घेऊन ती दुकानातून बाहेर आली.

“दोन्ही डोळ्यांनी दिसत नसेल तर आत या. चष्मा करून देते.”

त्याने दुर्बिणीवरून मान वर केली. त्याचा चष्मा एका कानावरून घसरला होता, आणि तरीही तो हसला. “दिसतंय नीट. तुमची गल्लीच वाकडी आहे.”

“वाकडी नाही. तिला वळण आहे.”

“फरक काय?”

“वाकड्याला कारण नसतं.”

त्याने तिच्याकडे पाहिलं... दोन्ही डोळ्यांनी. मग तिवई उचलून बाजूला झाला.

तो रस्ते खात्याचा मोजणीवाला होता. सगळ्या उपनगरातले रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ. ही एकच गल्ली, वाटेत ना झाड ना भिंत, तरी मध्येच कोपरासारखी वळत होती. ती सरळ करायचं घाटत होतं.

आणि कारण विचारायचं तर ते तिच्या बाबांना विचारावं. दुकानाच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून ते फ्रेमी पुसत, आणि अक्षरं वाचायला बसलेल्या प्रत्येकाला सांगत, “तुम्ही बसलात ना, तिथे आमचा कोबीचा वाफा होता.” विहिरीपासून पाण्याचा पाट आजोबांनी स्वतः खणला होता. शेजाऱ्याचं शेत मधल्या उंचवट्यामागे, कोरडं. आजोबांनी आपल्याच जमिनीची पट्टी सोडून पाट उंचवट्याला वळसा घालून नेला. आपलं भिजलं की पाणी शेजाऱ्याला. वळणामुळे एकमेकांना दिसायचं नाही, म्हणून पाणी पोचलं की शेजाऱ्याने तिकडून हाक द्यायची. ती हाक आल्याशिवाय पाणी तोडायचं नाही, हा घरचा दंडक. पुढे जमिनी विकल्या गेल्या, पाट बुजला, आणि त्याच्यावरच ही गल्ली झाली.

लोक हसत. उपनगराच्या दाराशी बांधणाऱ्यांनी संगमरवरी पाटी लावली होती: ‘जिथे काहीच नव्हते, तिथे’. सोसायटीचे सेक्रेटरी तीच पाटी वेदवाक्यासारखी म्हणून दाखवत. बाबा बाजाराला जाताना पलीकडच्या फुटपाथने जात, पाटी डोळ्यांसमोर नको म्हणून. आणि ती? शाळेत, आठवीत असताना तिने हे सगळं छाती फुगवून सांगितलं होतं. कॉलेजात गेल्यावर सांगणं बंद केलं. खरं असेल का, हे बाबांना विचारायचा तिला धीर झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मोजणीवाला चष्म्याचा स्क्रू सैल झाला म्हणून आला. त्याच्या पुढच्या दिवशीही. तिने काही न बोलता स्क्रू पिळला. असं तीन-चारदा झालं. मग एकदा स्क्रू पिळता पिळता, मान वर न करता, तिने त्याला पाटाची गोष्ट सांगितली.

“मोजता येईल,” तो म्हणाला. “पाणी गेलं असेल तर उतार असणारच.”

“आणि नसला तर?”

“तर तसंच सांगेन. तुमच्यासाठीसुद्धा खोटं नाही मोजता यायचं मला.”

त्या ‘तुमच्यासाठीसुद्धा’ने तिच्या हातातला स्क्रू खाली पडला. दोघंही तो शोधायला वाकले, डोकी आपटली, आणि कोपऱ्यात बाबांना एकाएकी खोकला आला.

मोजून झाल्यावर त्याने तिला आकडे सांगितले नाहीत. आकड्यांनी बाबांचं समाधान होणार नाही, आपण पाणीच सोडून बघू, म्हणाला.

रविवारी सकाळी गल्लीच्या वरच्या टोकाला बाबा हातात पाइप धरून उभे राहिले. ती त्यांच्या शेजारी. तो वळणापलीकडे गेला, दिसेनासा झाला. बाल्कन्या भरल्या होत्या. सेक्रेटरी चहाचा कप घेऊन खाली आले होते. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

पाणी निघालं. एका स्कूटरच्या चाकाशी अडून ते पसरू लागलं, तर बाबांनी पाइप तिच्या हाती दिला, चप्पल काढली आणि टाचेने कचरा सारून त्याला वाट करून दिली. इतक्या सहज, की जणू काल संध्याकाळीच शेतातून घरी आले असावेत. पाणी वळणापाशी गेलं... वळलं... आणि नजरेआड झालं.

मग काहीच नाही.

“आटलं असेल,” सेक्रेटरी म्हणाले.

बाबा परत येऊन पाइप धरून उभे होते. त्यांच्या तोंडाकडे बघायची तिची छाती होईना. खोटं नाही मोजता यायचं मला... हा माणूस दया म्हणूनही हाक देणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने त्यांच्या हातावर हात ठेवला.

“पोचलं.”

हाक वळणापलीकडून आली, स्वच्छ, खणखणीत.

बाबांनी स्वतः जाऊन नळ बंद केला. कधी नव्हे ते ताठ उभे राहिले. “पुढच्या पाळीला हाक द्यायला तुम्ही तिकडे उभे राहा,” ते सेक्रेटरींना म्हणाले. “चहा पलीकडे मिळेल.”

बाल्कन्यांतून हशा उसळला, पण या वेळी तो बाबांच्या बाजूचा होता. तिच्या छातीत आठवीतली ती मुलगी पुन्हा ताठ उभी राहिली.

त्याने अहवालात लिहिलं की गल्ली सरळ केली तर उंचवट्यामागे पाणी साचून लोकांच्या दारांत शिरेल. वळण राहू द्यावं. वळण राहिलं. मोजणी मात्र संपली.

शेवटच्या दिवशी तो दुकानात आला तो चष्मा नीट घालून. “आज स्क्रू घट्ट आहे.”

“माहीत आहे. रोज नखाने सैल करत होतात. ओरखडे दिसतात.”

“मग बोलला का नाहीत?”

“गिऱ्हाईक कशाला तोडा?”

तो हसला, मग गंभीर झाला. “इथे यावंसं वाटतं मला. स्क्रू नसताना, मोजणी नसताना... कारण नसताना.”

“कारण नसताना म्हणजे वाकडंच की.”

“मग कारण तुम्ही आहात. आता झालं वळण?”

ती फडक्याने पुसलेलीच काच पुसत राहिली. उत्तराची घाई नाही म्हणत त्याने तिवई खांद्यावर टाकली आणि तो चालू लागला. वळणापाशी त्याची पाठ दिसेनाशी झाली.

“अगं,” बाबा फ्रेम पुसत, वर न बघता म्हणाले, “त्याने त्याच्याकडून पाणी सोडलंय. हाक कुणी द्यायची?”

ती पायरीवर आली. वळणापलीकडे पावलं वाजत होती... अगदी सावकाश, कुणीतरी कान देऊन चालावं तशी. समोरच्या बाल्कनीत सेक्रेटरी उभे होते. असू देत.

“पोचलं,” ती ओरडली. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

पावलं थांबली. आणि मग, आजोबांनी घालून दिलेल्या त्याच वळणाने, परत यायला लागली.