पोहायला शिंका!

“पोहायला… शिंका?”

पोहण्याच्या सरांनी शर्ट उजेडात धरला. आधी लांब नेला, मग नाकाजवळ आणला. निळ्या शर्टाच्या पाठीवर पांढऱ्याशुभ्र अक्षरांत लिहिलं होतं : आनदाने पोहायला शिंका.

“मी ‘आनंदाने पोहायला शिका’ सांगितलं होतं,” सर म्हणाले. “तुम्ही माझ्या अख्ख्या तलावाला सर्दी लावलीत!”

“आऽऽक्छी!” रेडिओ मुद्दाम शिंकला. टाचणीनं त्याला कोपरानं ढोसलं, पण हसू तिलाही आवरत नव्हतं.

ही दोघं बहीणभाऊ सुट्टीत मामाकडे आली होती. टाचणी बारा वर्षांची, अंगानं बारीक आणि बोलायला टोचरी. रेडिओ दहाचा. त्याला बंद करायचं बटण देवानं बसवलंच नव्हतं. तिसरा मामाचा मुलगा कंपास, चौदाचा. सगळं आखून मापून करणारा. मामाचं शर्टांवर अक्षरं छापायचं दुकान घराच्याच तळमजल्यावर होतं : दोन खोल्या, एक कापायचं मशीन आणि एक जाडजूड गरम प्रेस.

काम बघायला मोठी मजा यायची. कंपास कॉम्प्युटरवर अक्षरं आरशातल्यासारखी उलटी करायचा. मशीनचं बारीक पातं ती व्हिनाइल नावाच्या प्लास्टिकच्या पातळ थरात कापायचं, पण खालच्या चिकट, पारदर्शक शीटला ओरखडासुद्धा येऊ द्यायचं नाही. मग अक्षरांभोवतीचं नको असलेलं व्हिनाइल सोलून काढायचं, शीटवर उरलेली अक्षरं शर्टावर पालथी घालायची आणि प्रेसखाली पंधरा सेकंद दाबायची. शीट ओढून काढली की अक्षरं शर्टावर, सुलटी आणि पक्की!

सोलायचं काम शिलाईकाकूंकडे होतं. गेली सहा वर्षं त्या कोपऱ्यातल्या टेबलाशी मान खाली घालून बसायच्या. बोलायच्या कमी.

मामानं सगळा गठ्ठा उलगडला. चाळीसपैकी अकरा शर्टांवर ‘आनंदा’चा अनुस्वार गायब होता. शिंकेचा शर्ट त्यातलाच.

“उद्या सकाळी वर्ग सुरू होतोय,” सर म्हणाले. “मी पाचला परत येतो.” ते गेले, तसा मामा काकूंच्या टेबलाकडे वळला.

“काकू, हे कसं झालं? मी तर नुसतं दाबतो. सोलता तुम्ही. डोळे तपासून घेतलेत का कधी?”

“मला दिसतं,” काकू म्हणाल्या.

“मामा, थांब!” टाचणी पुढे झाली. तिच्या अंगात गुप्तहेर संचारला होता. “दिसतं की नाही ते आत्ता कळेल! कंपास, एक कागद काढ. वर मोठी अक्षरं, खाली लहान लहान होत जाणारी. डॉक्टरकडे असतो तसा!”

पाच मिनिटांत कागद तयार झाला. टाचणी तो धरून टेबलासमोर उभी राहिली. मामा, कंपास, रेडिओ, शर्ट न्यायला आलेलं एक गिऱ्हाईक, सगळे बघत होते.

“काकू, शेवटची ओळ वाचा बरं!”

काकूंनी कागदाकडे पाहिलं, मग खिडकीकडे. “चष्मा घरी राहिला.”

“तुम्ही चष्मा लावतच नाही!” रेडिओ ओरडला.

“मग वरची ओळ?” टाचणीनं विचारलं. काकू टेबलावरचे तुकडे गोळा करायला लागल्या. “ही तरी? ही तर तळहाताएवढी अक्षरं आहेत!”

आता थांबावं, असं तिला आतून कुणीतरी सांगत होतं. काकूंचे कान लाल झालेले तिला दिसत होते. पण मामा बघत होता, आणि शोध अगदी तोंडाशी आला होता. तिनं कागद आणखी पुढे केला.

“मला वाचता येत नाही,” काकू म्हणाल्या.

ते गिऱ्हाईक उगाचच आपल्या पिशवीत बघायला लागलं.

“अहो काकू,” मामा अवघडून म्हणाला, “सांगायचंत ना कधी! मी आपला तुम्हाला अक्षरांच्याच कामाला बसवून… बरं, आज तुम्ही घरी जा. पुढचं बघू.”

‘बघू’ म्हणजे काय ते रेडिओलासुद्धा कळलं. काकूंनी सोलायचा हुक टेबलावर ठेवला, पिशवी उचलली आणि कुणाकडेही न बघता त्या बाहेर पडल्या.

मामानं टाचणीच्या पाठीवर थाप मारली. “सहा वर्षांत मला कळलं नाही, ते तू एका तासात शोधलंस! शाबास!”

शाबासकीनं एरवी टाचणी फुलून जायची. आज तिला ती थाप पाठीवरून झटकून टाकावीशी वाटली. का, ते मात्र तिला सांगता आलं नसतं.

*

जेवण झाल्यावर रेडिओ मागच्या दारात चेंडू आपटत बसला होता. चेंडू कसला, टाकाऊ व्हिनाइलचा चुरगळून केलेला गोळा! त्याचे टप्पे भलतीकडेच पडायचे.

“आणि हा उंच झेल…” तो स्वतःच समालोचन करत होता. “अरेच्चा! चेंडूला कांजिण्या आल्यात!”

“काय?” शेजारी बसलेल्या टाचणीनं विचारलं.

“हे बघ, ठिपका! हा अजून एक!”

टाचणीनं गोळा हातात घेतला. पांढऱ्या चोळामोळा झालेल्या पट्ट्यांत मसुराएवढे गोल ठिपके अडकले होते.

हा गोळा कुठला, ते तिला पक्कं माहीत होतं. परवाची शर्यत! काकू घरी जेवायला गेल्या होत्या. रेडिओ घड्याळ लावून समालोचन करत होता, आणि टाचणी शीटवरचं व्हिनाइल फर्रकन ओढत होती. “आणि टाचणीबाईंचा नवा विक्रम! अकरा शीट!” तयार शीट तिनं काकूंच्या गठ्ठ्यात नेऊन ठेवल्या होत्या आणि दोघं हात झटकून आंघोळीच्या टाकीत होड्या सोडायला पळाली होती.

अकरा शीट. अकरा शर्ट.

दोघांनी गोळा उलगडला. पट्ट्या एकमेकींना चिकटल्या होत्या, तरी टाचणीनं एकेक सोडवली. “आठ… नऊ… दहा.”

“अकरावा कुठेय?” रेडिओनं विचारलं.

“शिंकेत,” टाचणी म्हणाली. ओढताना उडालेला तो ठिपका शीटच्या चिकट भागावर परत बसला असणार, थेट ‘शि’च्या डोक्यावर.

रेडिओनं आत डोकावून कुणी येतंय का ते पाहिलं. मग हळूच म्हणाला, “ताई, गोळा कचऱ्यात टाकू? मी कुणाला सांगणार नाही. खरंच! एक शब्द नाही!”

कधीही गप्प न बसणारं हे पोर आपल्यासाठी गप्प बसायला तयार झालं, याचीच टाचणीला जास्त लाज वाटली. आणि त्याहून वाईट म्हणजे, क्षणभर तिला ‘हो’ म्हणावंसं वाटलं होतं.

ती तशीच दुकानात गेली. काकूंच्या टेबलावर कापलेली, न सोललेली एक शीट पडली होती. पांढऱ्यावर पांढऱ्या नुसत्या रेघा. ती डोळे बारीक करून बघत राहिली.

“काय वाचतेस?” कंपासनं विचारलं.

“मला वाचताच येत नाहीये.”

“कसं येईल? अक्षरं उलटी असतात इथं. या टेबलावर कुणालाच…” कंपास मध्येच थांबला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तो कागद कंपासनंच तर लिहिला होता. त्याचाही चेहरा उतरला.

*

काकूंचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. दार उघडंच होतं. काकू पडद्याला टीप घालत होत्या. टाचणी उंबऱ्यात उभी राहिली, हातात तो उलगडलेला गोळा. वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं कुठल्या कुठे गेली होती.

“काकू, त्या अकरा शीट मी सोलल्या होत्या. तुम्ही जेवायला गेला होतात तेव्हा. शर्यत लावली होती.”

“मोजले तर माझ्या हिशेबापेक्षा अकरा शर्ट जास्त झाले होते,” काकू म्हणाल्या. टीप चालूच होती. “मी येईस्तोवर तुझ्या मामानं त्या शीट प्रेसखाली घातल्यासुद्धा. मला वाचता येत नाही. मोजता येतं.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

काकूंनी मशीन थांबवलं. “बोलणार होते. तेवढ्यात तू कागद धरलास तोंडासमोर.”

टाचणीला मान वर करता येईना. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. पण तेही येत नव्हतं, नुसता चेहरा तापला होता.

“त्या शीटवर चार तुकडे असतात,” काकू धागा तोडत म्हणाल्या. “तीन मोठे, एक बाळ. ओढताना बाळावर नख ठेवायचं. मोठे आपले आपण राहतात. मी काय लिहिलंय ते बघत नाही, बाळ जागेवर आहे का ते बघते.” त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. “किती वाजता येणार ते सर?”

“पाचला.”

“मग उठा! इथं उभं राहून ठिपके चिकटणार आहेत का?”

दुकानात मामानं एक ठिपका बोटानं बसवून बघितला होता. तो ‘न’च्या डोक्यावरून घसरून भलतीकडेच गेला होता. काकूंना बघून मामा गडबडला. “काकू, तुम्ही?”

“मामा, ऐक ना, मला काहीतरी…” टाचणीनं सुरुवात केली; पण तेवढ्यात फोन वाजला आणि मामा आत गेला. टाचणीला हायसं वाटलं. हायसं वाटल्याची पुन्हा लाज वाटली.

कंपासनं ठिपके कापले. काकू प्रत्येक ठिपका नखाएवढ्या पारदर्शक तुकड्यासकट चिमट्यात धरून जागेवर ठेवायच्या, आणि टाचणी शर्टाला सुरकुती पडू नये म्हणून दोन्ही बाजूंनी ताणून धरायची. मग कंपास प्रेस दाबायचा. शिंकेचा शर्ट काकूंनी शेवटी घेतला. ‘शि’वरचा जादा ठिपका आधी गरम केला आणि ऊन आहे तोवरच चिमट्याच्या टोकानं उचलला. मागे पुसटशी खूण राहिली. सांगितल्याशिवाय दिसली नसती.

पाचच्या ठोक्याला सर हजर. त्यांनी चाळीसही शर्ट मोठ्यांदा वाचले. “आनंदाने पोहायला शिका! आनंदाने पोहायला शिका! वा! सर्दी उतरली!”

“ही आमच्या भाचीची करामत हो!” फोन संपवून आलेला मामा खुशीत म्हणाला. “तिनंच शोधून काढलं, की आमच्या काकूंना वाच…”

“असं? हुशार आहे हं पोरगी!” सरांनी टाचणीला शेकहँड करायला हात पुढे केला.

काकू शर्टांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. घडी घातलेला शर्ट त्यांनी मोडला आणि पुन्हा तीच घडी घातली.

टाचणीनं हात पुढे केला नाही.

“सर, ते मी केलं होतं,” ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला, की तिला पुन्हा म्हणावं लागलं. “ठिपके मी हरवले. सगळे. शर्यतीत. काकूंनी एकही हरवला नाही. आणि मी त्यांना सगळ्यांसमोर वाचायला लावलं. त्यांना नको होतं तरी.”

“कागद मी लिहिला होता,” कंपास म्हणाला.

“आणि मी ओरडलो होतो!” रेडिओ म्हणाला.

सरांचा हात हळूच खिशात गेला. मामानं एक शर्ट उचलून त्यावरची अक्षरं वाचली. मग त्याचाही चेहरा हळूहळू लाल झाला.

“अकरा शर्ट मी या हातांनी दाबले,” तो म्हणाला. “मला तर वाचता येतं! एकदा तरी बघायला हवं होतं. काकू, मी तुम्हाला घरी पाठवलं… चुकलं माझं. उद्यापासून तुम्ही बघितल्याशिवाय एक शर्ट प्रेसखाली जाणार नाही.”

“बरं, बरं,” काकू म्हणाल्या. “सगळ्यांनी एकदम माना खाली घालू नका. अजून पंधरा घड्या राहिल्यात.”

सर मोठ्यांदा हसले आणि स्वतःच घड्या घालायला बसले. जाताना मात्र ते टाचणीसमोर थांबले. “हे असं सगळ्यांसमोर बोलायला मला नसतं जमलं,” ते म्हणाले, आणि या वेळी त्यांनी हात पुढे केला तेव्हा टाचणीनं तो धरला.

सगळं आवरल्यावर ती काकूंजवळ घुटमळली. “काकू, मी तुम्हाला वाचायला शिकवू?”

काकूंनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “आधी तू सोलायला शीक.”

त्यांनी एक नवी शीट समोर ठेवली. टाचणीनं एक कोपरा उचलला. बारीक तुकड्यावर नख ठेवलं. श्वास रोखून ती ओढत राहिली, इतकी हळू, की रेडिओनं समालोचन सुरू केलं आणि मध्येच कंटाळून सोडून दिलं.

काकूंनी शीट उचलून उजेडात धरली. तीन मोठे मोजले. एक बाळ मोजलं.

“बरं आहे,” त्या म्हणाल्या.

“ही शाबासकी होती का?” रेडिओनं कंपासच्या कानात विचारलं.

“काय माहीत,” कंपास कुजबुजला. “मी तर सहा वर्षांत पहिल्यांदाच ऐकतोय!”