इजिप्तची तागडी

"झडती घ्या हिची! पपायरस हिनंच लांबवला!" काकासाहेब गरजले.

छावणी भागातल्या त्यांच्या दिवाणखान्यात जमलेले शेजारी अभ्यासाला आलेल्या शाळकरी मुक्ताकडे वळले. पपायरसचं चित्र लावलेला भिंतीवरचा पुठ्ठा रिकामा होता.

"मामा, हिचीच का?" सिल्लोडहून सुटीला आलेला भाचा त्रिंबक उसळला. "मी अन् तुमची लेक सुगंधाताईबी हितंच होतो की!"

"तुम्ही घरचे. ही त्या नामांतरवाल्यांच्या वस्तीतली! चला चौकीवर!"

मुक्ताला वडील आठवले. ते नुकतेच कारखान्यात लागले होते. पोरीचं नाव चौकीत गेलं, तर त्यांना कोण ठेवून घेणार?

काल याच काकासाहेबांनी किती हौसेने सांगितलं होतं! पपायरस म्हणजे लव्हाळ्याचा कागद. इजिप्तमध्ये त्यावर असं चित्र काढून तो मृताबरोबर ठेवत. चित्रात तागडी, एका पारड्यात मृताचं काळीज, दुसऱ्यात पीस. मृताने म्हणायचं, "मी चोरी केली नाही." काळीज जड भरलं, की मगरतोंड्या प्राण्याने ते गिळलंच!

"मी चोरी केली नाही!" मुक्ता म्हणाली.

"चोर असंच म्हणतो!"

मुक्ता मागे सरकली, तशी तिच्या वेणीची रिबीन चालू कुलरच्या मागच्या बाजूला ओढली गेली. ती थबकली. कुलर खिडकीत का नाही? नामांतराच्या दंगलीतल्या दगडांच्या धास्तीने काकासाहेबांनी खिडक्या बंद करून तो आत घेतला होता. पाठ थेट पपायरसकडे!

"काका, पपायरस चिकटवला होता कशानं?"

"डिंकानं. मला काय विचारतेस?"

"सुगंधाताई, पेपरचा तुकडा दे!"

तो पुठ्ठ्यापाशी धरून मुक्ताने सोडला. फट्! तुकडा कुलरच्या मागे दिसेनासा झाला.

"त्रिंबक, बंद कर! ओढ!"

कुलर खरडत पुढे आला. मागच्या वाळ्याच्या जाळीला पपायरस चिकटलेला! दमट हवेने डिंक सुटला होता. कागद भिजला होता, पण अख्खा होता.

"लई डोकेबाज हायेस गं पोरी!" शेजारच्या आवडाबाई म्हणाल्या.

"शाबास," काकासाहेब पुटपुटले.

"शाबासकी नको, काका. चोर सगळ्यांपुढं म्हणालात. आता खरं बी सगळ्यांपुढंच म्हणा."

काकासाहेबांनी पपायरस जाळीवरून अलगद सोडवला. मग ते शेजाऱ्यांकडे वळले.

"मुक्ता चोर नाही," ते म्हणाले, यावेळी स्पष्ट. "मी तिच्यावर खोटा आळ घेतला."

त्रिंबकने ओल्या चित्रात डोकावलं.

"थोडक्यात वाचलात, मामा! मगरीनं जबडा उघडाच ठेवलाय!"