चौथा प्लग

भुतावर विश्वास ठेवा, असं मी कुणाला म्हणणार नाही. हसायचं त्यांनी खुशाल हसावं. पण हे माझ्या सख्ख्या बापासोबत घडलंय, आणि त्यात माझ्या पदरचं एक अक्षरही नाही.

साल १९३८. वैशाख महिना. मलकापूरहून बुलढाण्याला चढणारा राजूर घाट.

आणि वेळ रात्रीची नव्हती. भर दुपारचे बारा वाजले होते.

माझे बाबा, उद्धव, तेव्हा बावीस वर्षांचे. शेषराव नावाच्या मालकाची प्रवासी मोटार चालवायचे. हे काम त्यांना शिकवलं पुंजाजी उस्तादांनी. उस्ताद इंजिनची तब्येत आत ठिणगी पाडणाऱ्या प्लगच्या रंगावरून सांगत. मोटार घाटावर दामटायची, माथा ओलांडला की गिअर काढून इंजिन एकदम बंद करायचं आणि लगेच चारही प्लग खोलायचे. काळी काजळी दिसली, तर पेट्रोल जास्त जळतंय. पांढरा दिसला, तर कमी पडतंय आणि इंजिन तापतंय. भाजलेल्या भाकरीसारखा तांबूस असला, तर बिनधास्त निघा.

माथ्यापलीकडे थोडा उतार होता. हँडब्रेकचा भरवसा नव्हता. म्हणून उभं राहताच पुढच्या चाकाखाली दगड लावायचा, हा नियम. ते काम बाबांचं.

तीन महिन्यांपूर्वी उस्ताद तिथेच गेले. इंजिनवर वाकलेले असताना मोटार त्यांच्या अंगावर आली.

दगड लावलेला नव्हता. उस्तादांनी "रंग पाय, उद्धव," म्हणून हाक मारली आणि बाबा प्लग बघायला धावले. दगड राहिला तो राहिलाच.

लोकांना मात्र बाबांनी सांगितलं, "आज दगड मीच लावतो म्हणाले होते. उस्तादच विसरले."

सगळ्यांनी ते खरं मानलं.

आता उस्तादांच्या मुलीचं, कोकिळाचं लग्न होतं. उस्ताद गेल्याला वर्ष व्हायच्या आतच उरकायचं ठरलेलं. नवरीकडची तीस माणसं दुसऱ्या दिवशी याच मोटारीतून घाट चढणार होती. आणि इंजिन दोन दिवसांपासून अडखळत होतं. चढावर बंद पडलं, तर भरलेली मोटार मागे दरीत जाणार.

म्हणून बाबा एकटेच तपासायला निघाले.

माथ्यावर पोचले. इंजिन बंद केलं. उतरून आधी दगड लावला. दोनदा हलवून बघितला.

घाटात चिटपाखरू नव्हतं. वारासुद्धा पडलेला...

पहिला प्लग खोलला. तांबूस. दुसरा तांबूस. तिसराही. फडक्यातूनही बोटं भाजत होती.

चौथा खोलला...

तो थंड होता.

माठातल्या पाण्यासारखा थंड. ना काळा, ना पांढरा. त्याला रंगच नव्हता. चार मैल चढून आलेल्या इंजिनमधला प्लग!

बाबांनी नवा लावला. मोटार वळवून अर्धा घाट उतरले, पुन्हा दामटत वर आले. दगड लावला, प्लग खोलला.

पुन्हा थंड...

आणि तेव्हा मागून, अगदी कानाशी...

"रंग पाय, उद्धव."

बाबांनी मागे बघितलं नाही. हिंमतच नव्हती. तिथेच मडगार्डला धरून ते रडायला लागले.

"उस्ताद, चूक माही होती! दगड म्या नाही लावला. पोरीच्या लग्नात इघ्न नका आनू!"

तोच तळहात भाजला. हातातला थंड प्लग निखाऱ्यासारखा तापला होता. खाली पडला, तेव्हा त्याचा रंग तांबूस होता.

त्यानंतर इंजिन एकदाही अडखळलं नाही.

बाबांना वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मलकापूरला मंडळी मोटारीत बसत होती. उस्तादांची बायको, मंजुळाबाई, चढता चढता पायरीवर थांबली.

"उद्धव, काल दुपारी हे आले होते घरी."

बाबा दाराची कडी धरून उभे होते.

"मोरीवर हात धुऊन राह्यले होते. काळे हात. मले म्हने, उद्धवले इचार, दगड कोनं नाही लावला."

हळदीच्या अंगाची कोकिळा खिडकीतून बघत होती.

"आता म्या इचारलं," मंजुळाबाई म्हणाली. "सांग."

मेलेल्या माणसासमोर बाबा खरं बोलले होते. जिवंत माणसांसमोर जीभ उचलेना.

"काकू... उस्तादच विसरले होते."

मंजुळाबाईने पदर डोक्यावर ओढला.

"बरं," म्हणाली आणि आत जाऊन बसली.

मोटार घाट चढली. लग्न लागलं. कुणाला खरचटलंही नाही.

फक्त... बाबांच्या शेजारची सीट रिकामी होती. तरी घाटभर गिअर बदलताना त्यांचा कोपर कुणाला तरी लागत होता. प्रत्येक वेळी.

त्या दिवशी बाबांनी मोटार सोडली. चिखलीला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागले. मंजुळाबाई गेली, तरी त्यांनी तोंड उघडलं नाही. शेवटच्या आजारात त्यांनी मला हे सगळं सांगितलं आणि माझा हात धरून म्हणाले, "कोकिळाले सांगून ये. माह्याच्यानं नाही झालं."

कोकिळाबाई त्यानंतर नऊ वर्षं जगल्या. चिखलीतच, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. मी गेलो नाही. बापाचं नाव खराब होईल, एवढीच भीती होती.

मागच्या वैशाखात त्याही वारल्या.

खांदा द्यायला मी गेलो होतो. दुपारचे बारा वाजले होते. तिरडी उचलताना त्यांचा मुलगा माझ्या कानाशी वाकला आणि हळूच म्हणाला...

"काका, आई जाताना मले म्हने, काकाले त्या दगडाचं काही सांगाचं हाय, इचार त्याइले."