पानाआड राखलेले फालसे

१९७४ च्या पौषातली गोष्ट. वसमतच्या शाळेत शिकवून मी घरी आले, तर परसात एक परका माणूस माझं फालशाचं झाड गुडघ्याएवढं छाटून उभा! हातात कोयता, चेहऱ्यावर काम फत्ते झाल्याचं समाधान. चार वर्षं पाणी घालून मी ते कुंपणाच्या वर नेलं होतं. फळ ओंजळभरही येत नव्हतं, ते सोडा.

"कोणाला इचारून कापून राहिलात?"

"तुमच्या आईला. मी रामकिशन. शेजारच्या खोलीत राहतो, शेतकी खात्यात हाय. फालसा नव्या फांदीवर फळतो, पौषात छाटावाच लागतो."

"आन् न्हाई फळला तर?"

"तर... रोज येऊन तुमची बोलणी खाईन."

मला राग आला होता, पण त्याचं हसू बघून तो टिकवणं जड जात होतं.

फाल्गुनात नव्या फांद्यांवर पिवळी फुलं आली आणि वैशाखात जांभळी, वाटाण्याएवढी फळं. आईनं ती साखर-मीठ घालून कुस्करली, फडक्यातून गाळली, वर माठातलं पाणी. वडिलांनी दोन पेले रिचवले आणि म्हणाले, "मंजुळा, त्या पोराला बोलाव."

फालसा एकदम पिकत नाही. रोज सकाळी थोडे थोडे वेचावे लागतात. मग रामकिशन रोज उन्हाआधी यायला लागला. एका बाजूनं तो वेचायचा, दुसऱ्या बाजूनं मी. बोटाला बोट लागलं की दोघंही झाडाकडे बघायचो. तो निघताना मी त्याच्या हातावर मूठभर फालसे ठेवायची, आणि तो ते तिथंच खायचा. तो मला फार आवडायला लागला होता.

मग कळलं, त्याची आखाडा बाळापूरला बदली झाली. महिनाअखेर जायचं होतं, आणि फळं तर त्याआधीच संपत आली होती. ती संपली की त्याच्या येण्याला निमित्त उरणार नव्हतं. म्हणून मी पिकलेले फालसे न वेचता पानाआड तसेच ठेवायला लागले.

शेतकी खात्याच्या माणसापुढे हे थोडंच चालणार? तिसऱ्या दिवशी त्यानं पान उचललं.

"हे परवाच पिकलेत, मंजुळाबाई. सुकून चाललेत. काहून ठेवले?"

आता नाही तर कधीच नाही, असं मनाशी म्हटलं. "संपले तर तुमी येणार न्हाई... म्हणून."

तो कानापर्यंत लाल झाला.

"मी फालशासाठी येतो, असं वाटलं तुमाला? मला आंबट चालतच न्हाई. दात असे आंबतात, की दुपारी भाकर चावत न्हाई."

"मग खात काहून व्हता?"

"तुमी देत व्हत्या..."

मी हसले, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं.

"बाळापूरला येता का माझ्यासंगं?" त्यानं हळूच विचारलं. "लग्न करून, म्हणतो मी."

"व्हय," म्हटलं, त्याला ओसरीवर बसवलं, आणि वडील जेवायला घरी येईपर्यंत उठू दिलं नाही.