उजवीकडे न वळणारी व्हॅन

हे ऐकून माझ्या दुकानातले तीन जण हसले. तुम्हीही हसा, माझी हरकत नाही. पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना अमावस्या लागते, पडकं घर लागतं. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. जे झालं ते भर उन्हात झालं, चार वाजून दहा मिनिटांनी, पेट्रोल पंपाजवळच्या तिठ्यावर. शेवटचं झालं ते परवा, मंगळवारी.

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. पाव नंबर इकडचा तिकडे झाला तर गिऱ्हाईक परत येतं. सांगायचा मुद्दा हा, की दिसतं तेवढंच मानणारा मी माणूस आहे.

होतो.

आमची मुलगी नऊ वर्षांची आहे. घरात सगळ्यांना हुकूम सोडते म्हणून आम्ही तिला हेडबाई म्हणतो. दीड वर्षापूर्वी तिला ताप आला. तीन दिवसांत उतरला, आणि उतरताना तिच्या पायांतली ताकद घेऊन गेला. तेव्हापासून ती व्हीलचेअरवर आहे.

व्यायामाच्या केंद्रातल्या बाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, "पहिली दोन वर्षंच महत्त्वाची. नसा जाग्या झाल्या तर याच काळात होतील."

म्हणजे हातात सहा महिने उरलेत.

मंगळवार आणि शुक्रवार, साडेचारची वेळ. साडेचारला दार बंद. तीनदा चुकलं की यादीतून नाव कट, आणि मागे आठ महिन्यांची रांग. आठ महिने थांबायला आमच्याकडे आठ महिने नाहीत.

आणि या सगळ्याची मदार कशावर? तर आमच्या सतरा वर्षांच्या सात सीटच्या व्हॅनवर.

त्या गाडीने माझ्या नाकी नऊ आणले होते. एसी मेलेला, एका खिडकीची काच हाताने वर ओढायची. पण व्हीलचेअर मागे मावायची आणि बाजूला सरकतं दार होतं. हेडबाईला उचलून आत बसवायला त्यासारखी सोय नाही. म्हणून ती गाडी आम्ही जिवापाड जपत होतो.

मग दोन आठवड्यांपूर्वी, शुक्रवारी केंद्रातून परतताना, तिचा गिअरबॉक्स गेला. नवीन मिळेना. कंपनीने ते मॉडेल कधीच बंद केलेलं.

इथे आमच्या मेहुण्यांची एन्ट्री. बायकोचा धाकटा भाऊ. कुठलीही वस्तू जुन्या बाजारातून आणण्यात त्याला कोण आनंद! तो भंगारवाल्याकडून त्याच मॉडेलचा गिअरबॉक्स घेऊन आला.

"दाजी, नशीब काढलंत. आख्खी गाडी भंगारात गेली होती, पण बॉक्स बघा, लोणी आहे लोणी!"

खरंच लोणी होता. मेकॅनिकने बसवून दिला, मी एक चक्कर मारली, गिअर अलगद पडत होते. फक्त दुसऱ्या गिअरला एक बारीक आवाज यायचा. ऊंऽऽ असा, कोणी तोंड मिटून गुणगुणावं तसा.

मेकॅनिक म्हणाला, "प्रत्येक बॉक्सचा आपापला आवाज असतो साहेब. सवय होईल."

पहिल्याच मंगळवारी मी दुकानातून अर्धी रजा घेतली. हेडबाईला बसवलं, बायको तिच्या शेजारी. तिठ्यावर आलो. केंद्राकडे जायला उजवीकडे वळायचं.

मी चाक उजवीकडे वळवलं आणि...

गिअर निसटला.

खट्. न्यूट्रल.

पुन्हा टाकला. पुन्हा खट्. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. एक टेम्पोवाला खिडकीतून माझ्या सात पिढ्यांची चौकशी करून गेला. मी कशीबशी गाडी ढकलत फर्निचरच्या एका बंद दुकानासमोर लावली. बायकोने टॅक्सी थांबवली, पण डिकीत गॅसची टाकी. व्हीलचेअर जाईना. चार चाळीस झाले.

पहिला खाडा.

मेकॅनिक स्कूटरवरून आला. त्याने किल्ली फिरवली, पहिला टाकला आणि उजवीकडे वळून सरळ निघून गेला. दोन चकरा मारून परत.

"काय साहेब, गाडी झकास आहे की."

मला त्याच्या डोक्यात पाना घालावासा वाटला.

पुढचे दोन दिवस मी रोज दुकानातून निघून एकटा त्या तिठ्यावर गेलो. चार दहालाच. बारा वेळा उजवीकडे वळलो. बाराही वेळा गाडी शहाण्या मुलासारखी वळली. बायको म्हणाली, "तूच क्लच अर्धवट दाबत असशील." वीस वर्षं गाडी चालवतोय मी! त्या रात्री आम्ही जेवताना बोललो नाही.

शुक्रवारी मी मेकॅनिकला हात जोडले. म्हटलं, बाबा रे, आज तूच चालव. मी शेजारी बसलो. हेडबाईच्या तपासण्यांची जाड फाइल मी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. मागे हेडबाई आणि बायको.

तिठा आला. त्याने चाक उजवीकडे वळवलं.

खट्.

त्याने दांडा पुढे रेटला. दांडा जाईना. कपाळावर घाम आला. आणि मग तो समोर बघतच, जरा वैतागून म्हणाला...

"साहेब, हात काढा. मला टाकू द्या."

मी गोंधळून त्याच्याकडे पाहिलं.

"अहो, हात काढा ना दांड्यावरून!"

त्याने वळून पाहिलं. माझे दोन्ही हात फाइलवर होते.

तो माझ्या हातांकडे बघत राहिला. मग स्वतःच्या हाताकडे. मग त्याने अगदी हळू, तापलेल्या तव्यावरून काढावा तसा, आपला हात दांड्यावरून उचलला. गाडी बाजूला लावली, उतरला आणि स्कूटर आमच्या दाराशी लावलीय हे विसरून चालतच गॅरेजकडे निघून गेला. संध्याकाळी त्याचा फोन आला. "साहेब, मी फुकट दुसरा बॉक्स शोधून बसवून देतो. पण मला त्या गाडीत बसायला सांगू नका."

दुसरा खाडा.

मला भीती वाटली का? खरं सांगू, तेव्हा नाही वाटली. तेव्हा फक्त संताप होता. माझ्या पोरीचे सहा महिने चालले होते आणि एक भंगारातला लोखंडी डबा मला खेळवत होता. दुसरा रस्ता पुलाच्या कामासाठी बंद. दुसरा बॉक्स मिळायला पंधरा दिवस. व्हीलचेअरची गाडी देणाऱ्यांनी पुढच्या महिन्याची तारीख दिली.

परवाचा मंगळवार शेवटचा होता. बायकोला सुट्टी मिळाली नाही. मी हेडबाईला घेऊन तीन वाजताच निघालो. म्हटलं, तासभर हातात असला की झगडता येईल.

साडेतीनला तिठ्यावर पोचलो.

खट्.

चाळीस मिनिटं मी त्या बंद दुकानासमोर झगडलो. क्लच, गिअर, खट्. क्लच, गिअर, खट्. शर्ट भिजला. डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. शेवटी मी स्टिअरिंगवर बुक्की मारली आणि ओरडलो, "कुठं जायचंय तुला? एकदाचं सांग तरी!"

मागून हेडबाई म्हणाली, "बाबा, त्यांच्यावर ओरडू नको ना."

"कुणावर?"

ती गिअरच्या दांड्याकडे बघत होती.

डॅशबोर्डवरच्या घड्याळात चार दहा झाले. आणि माझ्या तळव्याखाली...

दांडा आपणहून पहिल्या गिअरमध्ये सरकला.

मी उजवीकडे वळवायला गेलो, तो सैल झाला. डावीकडे वळवलं, घट्ट बसला. पुढे प्रत्येक कोपऱ्यावर तेच. चुकीच्या बाजूला चाक नेलं की निसटायचा, बरोबर नेलं की लोणी. दुसऱ्या गिअरला ते गुणगुणणं चालू होतं. आणि गाडीत दुसरा कुठलाच आवाज नव्हता. इंजिनाचाही नव्हता...

दोन मिनिटांत एका अरुंद गल्लीत हिरव्या फाटकासमोर आलो. दांडा न्यूट्रलवर आला. मग हँडब्रेक ओढल्याचा आवाज.

कर्रर्र.

मी हँडब्रेकला हात लावला नव्हता.

मी नुसता कान देऊन बसलो. गाडीला कोणीतरी वळसा घालून जातंय असं वाटत होतं, पण पावलांचा आवाज नव्हता. आणि मग मागचं सरकतं दार...

सावकाश उघडलं.

"काका म्हणतायत, घर आलं," हेडबाई म्हणाली. "उतर म्हणतायत."

मी मान वळवली.

ती उभी होती.

माझी पोरगी दाराच्या पायरीवर, स्वतःच्या दोन पायांवर उभी होती. कशाचाही आधार नव्हता. फक्त उजवा हात पुढे, थोडा वर होता, मोठ्या माणसाचं बोट धरल्यावर मुलांचा असतो तसा. चेहऱ्यावर भीती नव्हती. तिने एक पाऊल खाली टाकायला उचललं.

आणि मी काय केलं?

दोन सीटच्या मधून झेप घेतली, तिच्या कमरेला विळखा घातला आणि तिला आत ओढलं. ती सीटवर कोसळली. "बाबा, सोड ना! सोड!" असं इतकं ओरडली, की माझ्या कानात अजून ते आहे. तिचे पाय पुन्हा पूर्वीसारखे लोंबत होते.

आवाज ऐकून फाटकातून एक बाई बाहेर आल्या. मी मागच्या दारातून खाली उतरलो. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या, व्हॅनकडे बघत होत्या.

"ही गाडी कुठून आणलीत? गल्लीत शिरताना तो आवाज आला..." त्या म्हणाल्या.

दोन वर्षांपूर्वी त्यांची मुलगी शाळेच्या व्हॅनने यायची. व्हॅनवाले काका वयस्कर होते. त्यांचा एक नियम होता. पोरांनी दाराला हात लावायचा नाही. ते स्वतः उतरणार, दार उघडणार आणि प्रत्येक पोराला हाताला धरून खाली घेणार. रोज चार बाराला या फाटकाशी, कधी एक मिनिट चुकलं नाही. एके दिवशी तिठ्यावर त्यांना छातीत कळ आली. त्यांनी गाडी बंद दुकानासमोर लावली, हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. लोकांना वाटलं, झोपलेत.

"माझी एकटीच राहिली होती सोडायची," बाई म्हणाल्या. "अडीच तास बसून होती. काका उतरवतील म्हणून दाराला हात लावला नाही तिने."

वरच्या खिडकीत एक मुलगी उभी होती. तिने हात हलवला. मला वाटलं, हेडबाईला.

पण ती ड्रायव्हरच्या सीटकडे बघत होती.

मी दार ओढून घेतलं आणि गाडी काढली. एकही गिअर अडला नाही. उजवीकडे वळताना काही झालं नाही. चार अठ्ठावीसला आम्ही केंद्राच्या दारात होतो.

केंद्रातल्या बाईंनी तिचे पाय तपासले, हातोडीने ठोकून पाहिले. मी म्हटलं, ती आज उभी राहिली. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "शक्य नाही हो. स्नायूंत अजून तेवढा जोरच नाही. आईवडिलांना होतो असा भास."

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. मला वाटलं, ती घाबरेल, गाडी विकून टाक म्हणेल. तिने आधी गॅस बंद केला. मग तिने एकच विचारलं.

"किती वेळ उभी होती?"

"पाच-सहा सेकंद असेल."

"आणि तू तिला ओढलंस."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

मेहुण्याने भंगारवाल्याकडे चौकशी केली. बॉक्स शाळेच्या व्हॅनचाच होता. एवढं कळलं, बाकी काहीच कळलं नाही. त्या माणसाला माझ्या पोरीत त्याची राहिलेली पोर दिसते का? हात धरून खाली घेतल्यावर तो तिला कुठं नेणार होता? फाटकापर्यंतच ना? हे मी कुणाला विचारू?

मेकॅनिकचा आज दुपारी फोन आला. दुसरा बॉक्स लवकर मिळाला, गाडी आजच आणा म्हणाला. मी कळवतो म्हटलं. अजून कळवलेलं नाही.

उद्या शुक्रवार आहे. बायकोने सुट्टी घेतली आहे. "मी मागे बसेन," ती म्हणाली, "आणि तू तिला धरायचं नाहीस." मी हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही.

आता हे लिहीत असताना हेडबाईने आतून हाक मारली. मी गेलो, तर तिने कपाटातले बूट मागितले. दीड वर्षात तिने कधी बूट मागितले नव्हते.

"कशाला गं?"

"काका म्हणाले, उद्या उतरायचंय तिथे खाली खडी टाकलीय. पायाला टोचेल."

बूट आता तिला लहान होतात. मी ते हातात घेऊन बाहेर बसलोय.